थर्माकोलला ॲसिड चालतं, संत्र्याची साल नाही

संडास-मोरी घासायला आपण जे ॲसिड आणतो ते थर्माकोलच्या खोक्यावर सांडलं, तर खोक्याला काहीही होत नाही. पाणी ओतून धुवा, खोकं जसंच्या तसं. तुंबलेला पाइप मोकळा करायच्या कॉस्टिक सोड्याचंही तेच. आता एक संत्रं सोला आणि सालीचा तुकडा थर्माकोलजवळ धरून जरा मुडपा. सालीतून बारीक शिंतोडे उडतात. थेंब पडला तिथे आधी ओलसर चकाकी येते, मग तिथला पांढरा दाणा आत बसायला लागतो आणि थोड्याच वेळात टाचणीच्या डोक्याएवढा खळगा दिसतो. बोट लावलं तर चिकट लागतं.

थर्माकोल खराब होण्याच्या बहुतेक तक्रारी मला इथून सुरू होताना दिसतात. जे हाताला झोंबतं ते थर्माकोललाही झोंबणार, आणि जे ‘नैसर्गिक’ आहे ते सौम्यच असणार, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात हा हिशेब जवळजवळ उलटा आहे.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. कार्बन आणि हायड्रोजन एवढीच दोन मूलद्रव्यं, आणि साखळीला ठरावीक अंतरावर लटकलेली बेंझिनची कडी. त्याचं पाण्याशी जमत नाही, तेलकट-वाफाळ द्रवांशी मात्र चटकन जमतं. घरातलं ॲसिड, सोडा, ब्लीच, व्हिनेगर हे सगळं पाण्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे थर्माकोल त्यांना दाद देत नाही. पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन नावाचं तेल हे सगळे त्याच्या गोत्रातले. ते साखळ्यांमध्ये शिरतात, साखळ्या एकमेकींपासून सुटतात आणि भिंत कोसळते.

भिंत म्हणायचं कारण असं, की सीडीची जुनी पारदर्शक डबीदेखील पॉलिस्टायरीनचीच असते. त्या डबीवर थिनरचा थेंब पडला तर डाग पडतो, पृष्ठभाग धुरकट होतो, पण डबी उभी राहते. थर्माकोलमध्ये तेच प्लॅस्टिक अतिशय पातळ पडद्यांच्या रूपात असतं आणि बाकी सगळी हवा. आकारमानाने बघितलं तर साधारण ९८ टक्के हवा. म्हणून दोन हातांत न मावणारं खोकं मुठीएवढ्या गोळ्यात बसतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, थर्माकोल गायबच झाला. तो कुठेही गेलेला नसतो. हवा निघून गेलेली असते, प्लॅस्टिक चिकट लगद्यात तसंच असतं.

सफाईच्या कपाटात

भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, व्हिनेगर, काचा पुसायचा निळा द्रव, सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच हे सगळं चालतं. हँड सॅनिटायझर आणि सर्जिकल स्पिरिटही चालतं. वास कितीही उग्र असला तरी अल्कोहोल थर्माकोलला विरघळवत नाही. कुरिअरच्या खोक्यावरचं स्टिकर काढायला लोक हमखास रॉकेल किंवा रिमूव्हर लावतात आणि स्टिकरबरोबर खोक्याचं कातडंही सोलून काढतात. तिथे सॅनिटायझर लावून पाच मिनिटं थांबावं आणि मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हळूच सरकवत काढावं.

फिनेलच्या बाबतीत जरा बघून. पांढऱ्या फिनेलमध्ये पाइनचं तेल असतं, काळ्यात डांबरापासून काढलेली तेलं. बादलीभर पाण्यात झाकणभर घालून पुसलं तर बिघडत नाही, पण बाटलीतला कच्चा द्रव खोक्याच्या तळाशी साचून राहिला तर पृष्ठभाग मऊ पडतो. ‘संत्र्याच्या तेलाची शक्ती’ वगैरे मिरवणारे चिकटा काढायचे द्रव मात्र थर्माकोलपासून लांबच ठेवा. लेबलवर कितीही पानं-फुलं काढलेली असोत, आत लिमोनीनच असतं. त्याची ताकद खोटी नाही. जपानमध्ये सोनी कंपनीने १९९०च्या दशकात पॅकिंगचा थर्माकोल याच तेलात विरघळवून पुन्हा वापरात आणायची पद्धत बसवली होती. निलगिरी तेल आणि लवंगेचं तेल याच पंगतीतले. सर्दीच्या दिवसांत निलगिरीची बाटली थर्माकोलच्या औषधाच्या खोक्यात आडवी ठेवू नका.

नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाटलीवर ‘ॲसिटोनविरहित’ लिहिलेलं असलं की बायका निश्चिंत होतात. नखांच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही, पण ॲसिटोनच्या जागी बहुधा इथाइल ॲसिटेट असतं आणि तेही थर्माकोल खातं. नेलपॉलिशचं स्वतःचंही तेच. झुरळांचा फवारा हा आणखी एक. खोक्याला मुंग्या लागल्या की पहिला हात त्या डब्याकडे जातो, पण बऱ्याच फवाऱ्यांत औषध विरघळवायला रॉकेलच्या जातीचा द्रव असतो आणि फवारा जवळून मारला की पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खळगे उठतात. मुंग्यांसाठी खोक्याभोवती जमिनीवर खडूची रेघ ओढावी, खोक्याला हात लावू नये.

सफाईचं एक पथ्य थर्माकोलपेक्षा तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. ॲसिड आणि ब्लीच दोन्ही थर्माकोलला चालतात म्हणून एकापाठोपाठ एक ओतू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. खोकं शाबूत राहील, तुमची छाती भरून येईल.

डिंक, रंग आणि मुलांचे प्रकल्प

शाळेच्या सूर्यमालेच्या प्रकल्पात शनीचं काय होतं हे ज्या घरांत एकदा पाहिलं गेलं आहे तिथे स्प्रे पेंटचा डबा पुन्हा आणला जात नाही. डब्यात रंगाबरोबर थिनरसारखी द्रावणं असतात, शिवाय दाबाखालचा वायू. गोळा सोनेरी होतो खरा, पण सुकता सुकता अर्धा उरतो. थर्माकोलला पोस्टर रंग, ॲक्रिलिक, डिस्टेंपर असे पाण्यातले रंग लावावेत. चकाकी हवीच असेल तर आधी पांढऱ्या लाकडी डिंकात थोडं पाणी घालून दोन हात मारावेत, पूर्ण सुकू द्यावेत, कुठे भोक राहिलं नाही ना हे उजेडाकडे धरून बघावं आणि मगच वरून लांबून, पातळ थरांत फवारा मारावा. नाटकाचं नेपथ्य करणारे कारागीर थर्माकोलच्या कोरीव खांबावर आधी डिंकात भिजवलेला कागद किंवा कापड चढवतात, ते याचसाठी. खांबाला मजबुती येते आणि वरचा ऑइलपेंट आत पोचत नाही.

पांढरा डिंक थर्माकोलला सुरक्षित आहे, पण दोन थर्माकोल एकमेकांना चिकटवताना त्याची एक गंमत होते. तो पाणी उडून सुकणारा डिंक आहे आणि दोन्हीकडून थर्माकोल असल्यावर पाण्याला जायला वाट नसते. कडा दुसऱ्या दिवशी कडक लागतात आणि आतला डिंक आठवड्यानेही ओला निघतो. म्हणून तो भसाभसा ओतू नका. पातळ पसरा, अर्धवट चिकट होऊ द्या, मग जोडा आणि टूथपिक खोचून ठेवा. एका बाजूला लाकूड, कागद किंवा कापड असेल तर ही अडचण येत नाही.

चपला आणि रेक्झिन जोडायचा पिवळा रबरी सोल्युशन, आणि क्षणात चिकटणारा ‘क्विक’ गोंद, हे दोन्ही थर्माकोलला खातात. दोन ट्यूबचा इपॉक्सी चालतो, मात्र जाड थर दिला तर तो घट्ट होताना स्वतः तापतो आणि त्या उष्णतेने आतून पोकळी पडते. ग्लू गनचं टोक दीडशे अंशांच्या वर असतं आणि थर्माकोल ऐंशी-पंच्याऐंशी अंशांनाच मऊ व्हायला लागतो, म्हणून गोंद आधी दुसऱ्या वस्तूवर लावा, दहा सेकंद थांबा, मग ती थर्माकोलवर टेकवा. मूर्तीवर फायबरग्लास चढवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की नेहमीच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन हाच द्रव असतो, म्हणजे थर्माकोल ज्यापासून बनतो तोच. तो ओतल्याबरोबर साचा बसतो. मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर तरी द्या, नाहीतर इपॉक्सी वापरा.

छताला थर्माकोलच्या टाइल्स असलेली जुनी घरं अजून आहेत. त्या मळल्या की कोरड्या ब्रशने झटकून साबणाच्या पाण्यातला फडका घट्ट पिळून पुसाव्यात. रंगवायच्या असतील तर डिस्टेंपर किंवा इमल्शनच लावावं. ऑइलपेंट तिथे केवळ पृष्ठभाग बिघडवतो म्हणून टाळायचा नाही. आग लागली तर ऑइलपेंट लावलेल्या टाइल्सवरून ज्वाळा फार वेगाने पसरतात.

महाराष्ट्रात मार्च २०१८च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताट-वाट्या आणि सजावट यांवर बंदी आली आणि १ जुलै २०२२पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. त्यामुळे नव्या मखरासाठी इथे काही सांगत नाही. माळ्यावर राहिलेलं जुनं मखर दरवर्षी झटकून वापरणारी घरं आहेत. त्यांनी निदान त्यावर नवा ऑइलपेंट चढवू नये.

न सांडता होणारं नुकसान

द्रव सांडलाच पाहिजे असं नाही, नुसता शेजारही पुरतो. लोकरीच्या कपड्यांच्या खोक्यात थर्माकोलची शीट अंथरून त्यावर डांबरगोळ्या टाकल्या, तर नॅफ्थलीनची वाफ बंद जागेत साचते आणि गोळीखालचा भाग हळूहळू मऊ पडतो. गोळ्या कापडी पुरचुंडीत बांधून झाकणाला टांगाव्यात, किंवा थर्माकोल काढून टाकावा.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. मिक्सर, इस्त्री किंवा जुना टेपरेकॉर्डर मूळ थर्माकोलच्या साच्यात घालून माळ्यावर ठेवतात. काही वर्षांनी खोकं उघडलं की वायर थर्माकोलला चिकटलेली असते. ओढून काढली तर थर्माकोलमध्ये वायरीच्या आकाराची गुळगुळीत नाळ पडलेली दिसते आणि वायरीला पांढरे दाणे चिकटलेले असतात. उंदरांवर आळ घेऊ नका. वायरीचं पीव्हीसी मूळचं कडक असतं. ते वाकावं म्हणून त्यात तेलासारखे द्रव मिसळलेले असतात. ते द्रव हळूहळू वायरीतून निघून शेजारच्या थर्माकोलमध्ये शिरतात. थर्माकोल वितळतो आणि वायर कडक होते. थर्माकोल गेला तर गेला, पण वायरीचं आवरण ठिसूळ होऊन तडकलं की शॉकचा धोका असतो. अशी वायर वाकवून बघा, कडक लागली किंवा चीर दिसली तर ती बदलल्याशिवाय प्लग लावू नका. ठेवतानाच वायरीला कागद किंवा सुती कापड गुंडाळलं तर हा प्रश्न येत नाही. रेक्झिनची पर्स, रेनकोट, मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या यांनाही तोच नियम. गच्चीच्या किंवा खोट्या छताच्या थर्माकोलवरून वीजवाहिनी नेणाऱ्या इलेक्ट्रिशियनला कडक पीव्हीसी पाइपातूनच वायर न्यायला सांगा. त्या पाइपात हे मऊ करणारे द्रव जवळजवळ नसतात.

पाणी

थर्माकोलला पाणी लागत नाही, हे खरंही आहे आणि फसवंही. दाण्याच्या आतली हवा बंद कप्प्यांत असते, तिथे पाणी सहज जात नाही. थर्माकोल फुगत नाही, कुजत नाही, बुरशीला त्यात खायला काही नाही. पण तो बनतो कसा ते बघा. पेंटेन भरलेले साखरेच्या दाण्यांएवढे मणी वाफेने फुगवतात आणि साच्यात पुन्हा वाफ देऊन एकमेकांना चिकटवतात. दाणा दाण्याला कितीही दाबून बसला तरी मध्ये बारीक फटी राहतात. पाणी त्या फटींतून शिरतं आणि सहज बाहेर येत नाही.

आकडा मांडला की हे नीट उमगतं. पॅकिंगच्या थर्माकोलच्या एका घनमीटरचं वजन साधारण १५ किलो. बराच काळ पाण्यात बुडून राहिल्यावर त्याने आकारमानाच्या नुसतं २ टक्के पाणी घेतलं, तर ते झालं २० लिटर, म्हणजे २० किलो. दोन टक्के म्हणायला नगण्य, पण शीटचं वजन दुपटीहून जास्त झालं. शिवाय पाणी उष्णता हवेपेक्षा कितीतरी सहज वाहून नेतं, म्हणजे ज्या कामासाठी थर्माकोल घातला तेच काम ढिलं पडलं. गच्चीवर उन्हापासून बचावासाठी थर्माकोलचा थर घालून वर कोबा केलेला असेल आणि कोब्याला चीर गेली असेल, तर एका पावसाळ्यात आत गेलेलं पाणी पुढच्या उन्हाळ्यातही पूर्ण जात नाही. खालच्या खोलीच्या छताला ओल येते ती भलत्याच कोपऱ्यात, कारण पाणी थराखालून वाट काढत जातं. अशा वेळी वरून डांबरी प्रायमर फासणारा कारागीर दुहेरी नुकसान करतो. आतलं पाणी कोंडलं जातं, आणि प्रायमर द्रावणातला असेल तर चिरेतून झिरपून थर्माकोल बसवतो. पाण्यावर आधारित डांबरी लेपच मागा, आणि तोही थर सुकल्यावर. ज्यांना सतत ओलीच्या जागी थर घालायचा आहे त्यांनी दाणेदार थर्माकोलऐवजी रंगीत, गुळगुळीत, एकसंध दिसणारी एक्स्ट्रूडेड शीट घ्यावी. ती महाग पडते, पण तिच्यात दाण्यांमधल्या फटीच नसतात.

घरात हे सगळ्यात जास्त जाणवतं ते मासळीच्या खोक्यात. बर्फ, मीठ, खारं पाणी यांनी खोक्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते फटींत शिरलेल्या रक्तमिश्रित पाण्याने. खोकं वरून चकाचक दिसतं आणि झाकण उघडलं की वास. उकळतं पाणी ओतून तो घालवायला जाऊ नका, खोक्याचा तळ वेडावाकडा होईल. तारेच्या घासणीनेही घासू नका, कारण घासणी वरची गुळगुळीत साय काढते आणि फटी आणखी उघड्या करते. साध्या पाण्याने रक्त आधी धुवून काढा, मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ स्पंज. त्यानंतर ४ लिटर थंड पाण्यात ५ टक्क्यांचं ब्लीच एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, घालून ते दहा मिनिटं आत ठेवा. ओतून टाका, दोनदा खळबळून घ्या, खोकं आणि झाकण वेगवेगळं करून सावलीत वाऱ्यावर तिरकं उभं ठेवा. रोज उन्हात ठेवलं तर काही महिन्यांनी पृष्ठभाग पिवळा पडून हाताला भुगा लागायला लागतो, म्हणून सावली.

खोकं खरंच वाळलं का, हे हात लावून कळत नाही. नवं कोरडं खोकं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन बघा आणि तळाला पेन्सिलने लिहून ठेवा. धुतल्यानंतर पुन्हा त्या आकड्यापाशी आलं की वाळलं. कोकणात पावसाळ्यात याला चार-पाच दिवसही लागतात. आठवड्यानंतरही वजन उतरत नसेल आणि वास येत असेल, तर खोकं मासळीसाठी बाद समजा. फार तर त्यात ओवा-पुदिना लावा.

खाण्याच्या गोष्टी निघाल्याच आहेत तर एवढंच, की गरम आणि तेलकट पदार्थ थर्माकोलमध्ये ठेवू नका. उष्णता आणि तेल मिळून त्यातला उरलासुरला स्टायरीन अन्नात उतरवतात, आणि स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं आहे. चहात लिंबू पिळून सालीसकट फोड कपात टाकायची सवय असेल तर थर्माकोलचा कप नकोच.

आधी तुकड्यावर

एखादा नवा द्रव, डिंक किंवा रंग वापरायचा आहे आणि लेबलवर काही धड लिहिलेलं नाही, अशा वेळी त्याच थर्माकोलचा एक तुकडा कापा आणि त्यावर द्रवाचा थेंब टाका. थिनर-पेट्रोलसारखा निकाल तिथल्या तिथे लागतो. पण तेवढ्यावर ‘पास’ म्हणू नका, कारण रॉकेल, खाद्यतेल, मलम यांचा परिणाम हळू दिसतो. तुकडा चोवीस तास राहू द्या, मग पुसून नखाने दाबून बघा. चिकट लागला, नख रुतलं किंवा चकाकी आली, तर तो द्रव त्या कामाला नको. वाफेचा संशय असेल तर तुकडा आणि उघड्या झाकणात थोडा द्रव, दोन्ही एकाच काचेच्या बरणीत, एकमेकांना न टेकवता, झाकण लावून ठेवा. पेट्रोल-थिनरसाठी ही चाचणी करायची गरज नाही, उत्तर ठरलेलं आहे आणि बंद बरणीत त्यांची वाफ साचू देणं धोक्याचं.

ॲसिटोनच्या वाटीत थर्माकोलचं आख्खं खोकं ‘गायब’ करणारे व्हिडिओ पाहून घरातला थर्माकोल तसा संपवायचा मोह होतो. तसं करू नका. हाती उरतो तो पटकन पेट घेणारा चिकट गोळा, जो ना गटारात टाकता येतो ना कचऱ्यात. जाळणं त्याहून वाईट. काळा काजळीचा धूर निघतो आणि तो श्वासात जातो. खोकी कोरडी करून, चिकटपट्ट्या आणि कागद सोलून, एकात एक घालून सुक्या कचऱ्यात द्या. काही शहरांत थर्माकोल वेगळा घेणारे भंगारवाले असतात, पण ते मासळीची आणि रंग फासलेली खोकी घेत नाहीत. ती दोन्ही वेगळी ठेवा, म्हणजे उरलेली तरी घेतली जातात.